बाहेरच्या कोपऱ्यावर टाइलची कापलेली धार दिसून राहिली, नीट फिनिश कशी करायची?

मानेवाडा_वरचा_मजला:

नमस्कार मंडळी, नागपूरला मानेवाड्यात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर आईबाबांसाठी बाथरूम करून राहिलो. भिंतीला १२ बाय १८ इंचाची ग्लॉसी सिरॅमिक टाइल घेतली आहे, वरून पांढरी त्यावर हलकी राखाडी नक्षी, आतून पूर्ण विटकरी. आतले कोपरे छान बसले, तिथं काही म्हणणं नाही. अडचण बाहेरच्या कोपऱ्यांची आहे. ड्रेनेजचा पाइप झाकायला विटांचं बॉक्सिंग केलं, त्याचे दोन उभे कोपरे सरळ खोलीत येतात, शिवाय खिडकीच्या चारी बाजू आहेत आणि शॉवरजवळ साबण-शाम्पू ठेवायचा कोनाडा आहे, म्हणजे कुठं ना कुठं कापलेली धार दिसणारच.

मिस्त्रीनं बॉक्सिंगचा एक कोपरा खालून वरपर्यंत ४५ डिग्री मारून, म्हणजे दोन्ही टाइल्सच्या धारा तिरप्या कापून, जोडला. दारातून पाहिलं तर ठीक वाटते पण जवळ गेलं की दिसते, ग्लेजचे म्हणजे वरच्या चकचकीत थराचे बारीक टवके उडालेत, धार दातेरी झाली, मधून मधून आतली विटकरी माती दिसते आणि दोन टाइल्समधली फट कुठं अजिबात नाही तर कुठं चांगली ३ एमएम. मिस्त्री म्हणते व्हाइट सिमेंट भरलं की सगळं झाकून जाते. मला ते पटलं नाही. आई भिंतीला हात धरून चालते आणि त्या कोपऱ्यावरून हात फिरवला की खरचटते, तेव्हा नुसतं दिसायचा प्रश्न नाही.

तर विचारायचं हे की अशा टाइलला ४५ मारावं की नाही, पट्टी लावायची तर कोणती, खिडकी आणि कोनाड्याचं काय करायचं, आणि जो कोपरा झाला तो न फोडता सुधारते का. दुकानदार म्हणते पट्टी टाइलच्या आधीच लावायला पायजे होती, आता नाही लागत. काम सध्या थांबवून ठेवलं आहे.


साइटवाला_प्रतापनगर:

काम थांबवलं हे एकदम बरोबर केलं. बाकीचे कोपरे अजून व्हायचे आहेत ना, मग बरंच काही हातात आहे.

पहिले टाइलची जात समजून घ्या, कारण कोपऱ्याची धार कशी करायची हे मिस्त्रीच्या हातापेक्षा टाइलच्या पोटात काय आहे त्यावर ठरते. तुमची जी आहे ती सिरॅमिक वॉल टाइल, तिचं बिस्किट म्हणजे आतली भाजलेली माती मऊ आणि सच्छिद्र असते, वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. वर काचेसारखा ग्लेजचा थर असतो तो एक एमएमसुद्धा नसतो. आता तुम्ही ४५ मारला की त्या पातळ थराच्या मागचा आधारच काढून टाकला, टोकाला राहिली फक्त काच आणि तिच्यामागे मऊ माती. बादली लागली, झाडू लागला, टवका उडणार. आणि जिथं माती उघडी पडते तिथं पाणी शोषून ती काळपट होते, मग तुम्ही कितीही घासा.

व्हिट्रिफाइडची गोष्ट वेगळी, ती अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी पिते आणि अंगानं कडक असते, तिला ४५ चांगला जमतो. त्यातही फुल बॉडी असेल तर आरपार एकच रंग, टवका उडाला तरी नजरेत नाही येत. डबल चार्जमध्ये वरचा रंगाचा थर ३-४ एमएम असतो. जीव्हीटी (ग्लेज्ड व्हिट्रिफाइड) म्हणजे वर छापील डिझाइन आणि ग्लेज, खाली दुसऱ्याच रंगाचं अंग, तिथं धार सांभाळून करावी लागते पण अंग मजबूत असल्यानं होते. आजकाल गुजरातच्या मोरबीचा सगळा माल दुकानात सारखाच चकचकीत दिसते म्हणून लोक विचारत नाहीत की ही कोणती. तुटका तुकडा मागायचा, मागच्या बाजूला पाण्याचे थेंब टाकायचे, लगेच पिऊन घेतलं तर सिरॅमिक, तसंच राहिलं तर व्हिट्रिफाइड.

दुसरी गोष्ट, जिच्यावर सगळ्यात कमी लक्ष दिलं जाते: कापलेली धार बाहेरच्या कोपऱ्यावर येऊच द्यायची नाही. कंपनीची धार बाहेरच्या कोपऱ्याला, कापलेली आतल्या कोपऱ्याला, कारण आतल्या कोपऱ्यात शेजारच्या भिंतीची टाइल तिच्यावर येते आणि धार झाकली जाते. हे पहिली टाइल लावायच्या आधी मोजमाप करून ठरवायचं असते, एका बाजूनं लावत सुटलं की उरलेली चिप्पी नेमकी बाहेरच्या कोपऱ्यावर येते. तुमच्या बॉक्सिंगला दोन्हीकडे बाहेरचे कोपरे आहेत, तिथं ९ इंचाची रुंदी ठेवली असेल तर १२ ची टाइल कापल्यावर एक धार कंपनीची आणि एक कापलेली राहणारच. खरं म्हणजे विटा रचतानाच बॉक्सिंग असं करायचं की टाइल लावून त्याची रुंदी बरोबर एका टाइलची होईल. आता ते बांधून झालं असेल तर दुसरा उपाय म्हणजे कापलेली धार पट्टीत लपवणे.

माझं मत विचाराल तर तुमच्या टाइलला पट्टीच. टाइल ट्रिम म्हणून मागा, काही दुकानात कॉर्नर प्रोफाइल म्हणतात. तिचा एक भोकं असलेला चपटा पाय टाइलच्या खाली ॲढेसिव्हमध्ये दबतो आणि फक्त बाहेरची धार दिसते. चौकोनी येते, गोल येते, एल येते. तुमच्याकडे वयस्कर माणसं आहेत म्हणून गोलवाली घ्या.

माप घेताना टाइलचा तुकडा सोबत न्या. पट्टी टाइलच्या जाडीएवढी किंवा तिच्या वरच्या मापाची लागते कारण टाइलखाली पट्टीचा पाय आणि ॲढेसिव्ह दोन्ही बसते, पण लावून झाल्यावर पट्टी टाइलच्या वर आलेली चालत नाही, सपाट पाहिजे, फार तर केसभर खाली. आणि टाइल पट्टीला चिकटवायची नाही, दीड-दोन एमएमचा जॉइंट ठेवायचा, त्यातच तुमच्या कापलेल्या धारेचे बारीक टवके ग्राउटखाली, म्हणजे जॉइंटमध्ये भरतात त्या मालाखाली, जातात. कोपरा आधी ओळंब्यात आहे का पाहून घ्या, पट्टी सरळ असते, भिंत वाकडी असली तर पट्टी ते लपवत नाही, उलट सांगते.


टाइल_कारागीर_उमरेड_रोड:

मी ह्याच धंद्यात हाय, तर कामाचंच सांगतो. साइटवाल्या भाऊंनी जे सांगितलं ते बरोबर हाय पण सिरॅमिकले ४५ होतच नाही असं नोका समजू. होते. फक्त जसा लोकं मारतात तसा नाही.

चूक कुठं होते ते सांगतो. कारागीर टाइल उभी धरते, कोरडं कटर चालवते, आणि एका फटक्यात पूर्ण ४५ करून ग्लेजपर्यंत जाते. धार ब्लेडसारखी पातळ होते, दोन धारा एकमेकाले टेकवते, मधात हवा. ते टिकणार कसं. बरोबर पद्धत अशी की कंपनीची धार घ्यायची, कापलेली नाही, कारण कंपनीच्या धारेची ग्लेजची रेष सरळ असते. टाइल उलटी करून पालथी पाटावर ठेवायची, काठ जरा बाहेर, आणि मागून माती खात यायचं. पयले जाड काढायचं, मग दुसऱ्या खेपेत हलक्या हातानं. आणि ग्लेजच्या मागं एक-दीड एमएम अंग तसंच उभं सोडायचं, टोकापर्यंत नाही जायचं. हे उभं सोडलेलं अंगच धारेले ताकद देते. माती मात्र ४५ पेक्षा जरा जास्त खायची, ४६-४७ समजा, म्हणजे मागून दोन टाइल्स एकमेकाले अडत नाहीत आणि मधात ॲढेसिव्ह भरायले जागा राहते.

ब्लेड सलग धारेचं पायजे, खाचाचं नाही. खाचावालं ब्लेड दगड-काँक्रीट कापायचं हाय, ते ग्लेज ओढून काढते. ब्लेड जुनं झालं, चकाकून गेलं की कापत नाही, घासते, तेव्हा दोन-तीन वेळा विटेत नाहीतर वाळूच्या दगडात चालवून घ्या, पुन्हा धार उघडते. पाणी सोडत राहा, एक जण बाटलीतून धार सोडते, दुसरा कापते. सरळ कापायचं असन तर ग्राइंडरपेक्षा हाताचं टाइल कटर चांगलं, चाक एकदाच फिरवायचं आणि मोडायचं, ग्लेजची रेष स्वच्छ येते.

कापल्यावर डायमंडचा हँड पॅड नाहीतर ओला पॉलिश पेपर घ्या, पयले १२० चा, मग २२०, मग ४००. हात ग्लेजकडून मातीकडं चालवायचा. मातीकडून ग्लेजकडं घासलं की ग्लेज उचलते आणि जे टवके नव्हते ते पण उडतात. शेवटी वरच्या कडेले एकदम बारीक उतार द्यायचा, नखाले लागन एवढाच, त्यानंच हात कापत नाही. हे पट्टीच्या आतल्या कापलेल्या धारेलेही करा, पाच मिनटाचं काम हाय.

लावताना दोन्ही टाइल्समधात एक-दीड एमएमचा स्पेसर, कोपऱ्याच्या मागं ॲढेसिव्ह ठासून, पोकळ नाही. टकटक करून पाहा. मग फटीत इपॉक्सी ग्राउट, व्हाइट सिमेंट नाही. व्हाइट सिमेंट आकसते, भुगा होते, कोपऱ्यावर तर पयलेच निघते.

आणि एक मनापासून सांगतो. ४५ चं काम वेळखाऊ हाय. मालक लोकं स्क्वेअर फुटाचा भाव ठरवतात आणि कोपरे त्यातच धरतात, मग कारागीर घाईच करन. कोपऱ्याचा भाव रनिंग फुटानं वेगळा ठरवा, आधी एक फूट नमुना करून घ्या, पसंत पडला तर पुढं. तुमच्या मिस्त्रीलेही असं सांगून पाहा, माणूस वाईट नसन, त्याले वेळ नसन मिळाला.


मानेवाडा_वरचा_मजला:

दोघांचेही खूप आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. पाण्याचे थेंब टाकून पाहिले, टाइलनं लगेच पिऊन घेतले, म्हणजे सिरॅमिकच. बॉक्सिंग टाइल धरून १० इंच होते, त्यामुळे समोरच्या तुकड्याला एक बाजू कापलेली राहणारच. मिस्त्रीशी बोललो, रनिंग फुटाचं वेगळं देतो म्हटल्यावर तोही म्हणते की आधीच असं सांगितलं असतं तर मी घाई केली नसती. तो नमुना करून दाखवायला तयार आहे.

आता बॉक्सिंगला पट्टीच लावायची असं घरी ठरून राहिलं. पण पट्टीत ॲल्युमिनियम, स्टील, पीव्हीसी, सोनेरी, काळी, किती प्रकार दाखवले दुकानदारानं. सगळ्यात जास्त पीव्हीसीच खपते म्हणते. बाथरूमची खिडकी पश्चिमेला आहे, दुपारी ऊन सरळ आत येते. काय घ्यावं? आणि खिडकीच्या आतल्या बाजूंना, कोनाड्याला पण पट्टीच लावू का?


ओटा_ते_खिडकी:

मी इंटिरिअरचं काम करते, नागपुरातच. खिडकी आणि कोनाड्याला पट्टी लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे, निदान खालच्या आडव्या बाजूला तरी नको.

खिडकीची खालची पाटी आणि कोनाड्याचा तळ ह्या दोन जागा अशा आहेत जिथं पाणी उभं राहतं. टाइलचा तुकडा, मग पट्टी, मग जॉइंट, मग भिंतीची टाइल, असं केलं की पाण्याला शिरायला दोन फटी मिळतात आणि कोनाड्यात साबणाचा चिकटा त्या फटीतच जमतो. तिथं ग्रॅनाइटची एकसंध पट्टी टाका. घरी ओटा झाला असेल तर त्यातलाच उरलेला तुकडा बहुतेक पुरतो, नाहीतर दगडवाल्याकडे असे तुकडे पडलेलेच असतात. मापानं कापून समोरची धार हाफ राउंड किंवा नुसती कड मोडून पॉलिश करून आणायची, ती भिंतीच्या टाइलच्या ५-६ एमएम बाहेर ठेवायची, म्हणजे खालच्या टाइलची कापलेली वरची धार तिच्या खाली लपून जाते, वेगळं काही करावंच लागत नाही. आणि आतून बाहेर किंचित उतार द्या, कोनाड्याचा उतार शॉवरकडे, खिडकीचाही बाथरूमकडे, नाहीतर पाणी चौकटीत मुरतं. पाणी ओतून बघा, थेंब थांबला तर उतार कमी आहे.

उभ्या बाजू आणि वरची बाजू ह्यांनाही तोच दगड चौकटीसारखा फिरवला तर सगळ्यात सुंदर दिसतं. मला स्वतःला कोनाड्याला धातूची पट्टी अजिबात आवडत नाही, चार छोट्या तुकड्यांचे चार कोपरे ४५ मध्ये जुळवायचे आणि एक जरी चुकला तरी डोळा तिथंच जातो. दगडाला दगड सरळ टेकवला तरी चालतं.

पूर्वी ६ बाय ६ च्या पांढऱ्या टाइल्स असायच्या तेव्हा त्यांच्यासोबत गोल धारेचे खास तुकडे मिळायचे, जुन्या दवाखान्यांच्या भिंतींवर अजून दिसतात, कोपरा कसा हातात गोड लागतो. आता भिंतीच्या टाइलमध्ये ते दुकानात सहज नाही मिळत, त्याची जागा गोल पट्टीनं घेतली, म्हणून आईंसाठी गोल पट्टी ही सूचना मला फार पटली. फक्त चकचकीत नको, मॅट घ्या, चकचकीतवर पाण्याचे डाग दुसऱ्याच दिवशी दिसायला लागतात.

आणि एक गोष्ट घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. आपल्याकडे बाथरूम म्हटलं की ॲसिडची बाटली येते. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, सिमेंटच्या ग्राउटला खातं, ॲल्युमिनियमला खातं, स्टीलवरही ठिपके पाडतं. इतक्या मेहनतीनं केलेली धार दोन वेळा ॲसिड टाकलं की गेली. साधा साबण, डाग असेल तर व्हिनेगर पाण्यात घालून, पण लगेच धुवायचं, तेही सिमेंटच्या ग्राउटवर वारंवार नको. घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांना नीट सांगा, त्यांच्या हातालाही ॲसिड चांगलं नाही.


हिंगणा_फॅब्रिकेशन:

धातूचं मी सांगतो, आमचं तेच काम आहे.

पीव्हीसी स्वस्त आहे आणि घरगुती करवतीनं कापली जाते म्हणून खपते. पण पश्चिमेच्या खिडकीजवळ नको. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, ४५ च्या वर पारा, त्यात काचेतून येणारी तिरीप, साधी पीव्हीसी पिवळी पडते आणि ठिसूळ होते. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्याला लावायची असेल तर गोष्ट वेगळी.

ॲल्युमिनियम घ्यायचं तर ॲनोडाइज्ड किंवा पावडर कोटिंगवालं घ्या, साधं चकचकीत नको. ॲल्युमिनियम सिमेंटच्या ओल्या मालात जास्त वेळ राहिलं तर सिमेंटच्या क्षारानं काळवंडते, म्हणून पट्टीवर सांडलेलं ॲढेसिव्ह आणि सिमेंटचा ग्राउट ओला असतानाच पुसून घ्यायचा, वाळल्यावर खरवडलं की कोटिंगसोबत निघते. वर जी फिल्म असते ती काम होईस्तोवर काढू नका. सोनेरी रंगाच्या पट्ट्या छान दिसतात पण त्यावर कोटिंग कसं आहे ते नखानं एका टोकाला खरडून बघा.

स्टील घेतलं तर ३०४ ग्रेड मागा. बाथरूमसारख्या ओल्या जागी ते टिकते. दुकानात स्टील म्हणून २०२ पण देतात, ते ओल्या जागी लवकर गंजाचे ठिपके दाखवते. लोहचुंबकानं ह्या दोघांतला फरक कळत नाही, दोन्ही जवळपास चिकटत नाहीत, तेव्हा चुंबक लावून कोणी पटवत असेल तर त्यावर जाऊ नका, बिलावर ३०४ लिहून घ्या.

आता एक मापाची गोष्ट. ८ फुटाची ॲल्युमिनियमची पट्टी ३० डिग्रीच्या फरकानं साधारण दीड-पावणेदोन एमएम लांब होते. बाथरूमच्या आत एवढा फरक पडत नाही, पण तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला किंवा कोणाला बाल्कनी-गच्चीच्या कोपऱ्याला लावायची असेल तर खाली फरशी आणि वर छत ह्यांच्यामध्ये गच्च अडकवू नका, एका टोकाला दोन एमएम जागा सोडून तिथं सिलिकॉन भरा. अडकवलेली पट्टी उन्हाळ्यात मधोमध फुगते आणि टाइल सोडवते.

कापताना धातूचं ब्लेड आणि माइटर बॉक्स (कोनात सरळ कापायचा साचा) वापरा, टाइलच्या ब्लेडनं कापू नका. कापलेलं टोक कानसीनं घासून घ्या, हाताला लागते. आणि कापलेलं टोक खाली ठेवा, कंपनीचं टोक वर, डोळ्यासमोर.


टाइल_कारागीर_उमरेड_रोड:

हिंगणावाल्या भाऊंचं फुगण्याचं एकदम खरं हाय, गच्चीवर पाह्यलं हाय मी.

उन्हाची गोष्ट निघाली तर ॲढेसिव्हचंही सांगतो. आता गरमीत पट्टीच्या पायावर ॲढेसिव्ह लावलं आणि टाइल आणायले गेलं तर तेवढ्यात वरून साय येते. हात लावून पाहा, बोटाले माल लागला नाही तर खरडून फेकून द्या, पाणी मारून पुन्हा कालवू नका. थोडा थोडा कालवा. बॉक्सिंगच्या विटांवर प्लास्टर असन तर ते आधी ओलं करून घ्या, पाणी वाहत नाही एवढंच. सिमेंटच्या मालावर लावत असाल तर सिरॅमिक टाइल पाण्यात भिजवून, मग वरचं पाणी निथळून लावा, ॲढेसिव्हवर लावत असाल तर भिजवायची नाही, पाकिटावर जसं लिहिलं तसं करा.

इपॉक्सी ग्राउट पण गरमीत लवकर पकडते. सकाळीच करा, एका वेळी थोडंच मिसळा. टाइलवर राहिलेला थर लगेच ओल्या स्पंजनं काढा, उद्या काढू म्हटलं तर निघत नाही. ग्राउटचा रंग टाइलच्या ग्लेजसारखा घ्या, विटकरी माती जुळवायले नको जाऊ.

आणि धूळ. टाइलच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात जाऊन बसते, सिलिकोसिस म्हणतात, त्याले औषध नाही. आमच्या धंद्यातली लोकं तोंडाले दुपट्टा बांधतात, त्यानं बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क द्या कारागिराले, तुम्ही स्वतः विकत आणून द्या, फार महाग नाही. बाथरूमच्या आत कोरडं कापू देऊ नका, गच्चीवर नाहीतर अंगणात, पाणी सोडून. तुमच्या आईबाबांच्या खोलीत ती धूळ जाईन, दार बंद ठेवा, ओल्या कपड्यानं पुसा, झाडूनं उडवू नका.


मानेवाडा_वरचा_मजला:

मास्कचं लक्षातच आलं नव्हतं, उद्याच आणतो, मिस्त्री आणि त्याच्या हाताखालच्या पोराला दोघांनाही. इतवारीत पट्ट्या पाहून आलो, ३०४ ची मॅट गोल पट्टी मिळाली. खिडकी आणि कोनाड्याला ग्रॅनाइटचं घरी सगळ्यांना पटलं, ओट्याचा उरलेला काळा तुकडा पडून आहे तो पुरतो.

राहिला तो झालेला कोपरा. तो तसाच ठेवून दुसऱ्या कोपऱ्याला पट्टी लावली तर एकाच बॉक्सिंगवर दोन प्रकार दिसतील. फोडायचा म्हटलं तर बाजूच्या टाइल्स हलतील अशी भीती वाटते, मागून पाइप पण जाते.


साइटवाला_प्रतापनगर:

एकाच बॉक्सिंगवर दोन प्रकार नको, खरंच वाईट दिसेल. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत, दोन्ही सांगतो.

पहिला न फोडता. आधी टकटक करून पाहा कोपऱ्याच्या मागं पोकळ वाजते का. भरीव असेल तर सध्याचं व्हाइट सिमेंट भरलं असेल ते जुन्या ब्लेडनं खरवडून काढा, दोन्ही धारा हँड पॅडनं ओल्या करून एकसारख्या घासा, ग्लेजकडून आत, कारागीर भाऊंनी सांगितलं तसं. मग फट आणि टवके इपॉक्सीनं भरून वरून चिकटवायची एल पट्टी येते, स्टीलचीच घ्या, ती न्यूट्रल सिलिकॉननं किंवा एमएस पॉलिमरनं (हाही चिकटवायचा सीलंटच) कोपऱ्यावर बसवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असते ते आम्लाचं असते, धातूजवळ ते नको. ह्यात दातेरी धार पूर्ण झाकते आणि आईंच्या हाताला लागत नाही. तोटा हा की पट्टी टाइलच्या वर दीडेक एमएम उठून दिसते, आणि मग दुसऱ्या कोपऱ्यालाही तीच लावावी लागेल.

दुसरा रस्ता म्हणजे समोरची ती एकच उभी ओळ काढायची. तुमचं १० इंच आहे, म्हणजे समोर एकाच टाइलची रुंदी, बाजूच्या टाइल्स काढायची गरजच नाही. मी हाच करेन. कारण तुमची समोरची ओळ तशीही कापलेल्या तुकड्यांची आहे, महाग काही जात नाही, आणि लावून फार दिवस झाले नाहीत तोवर निघते सोपी. आधी चारी बाजूंचा जॉइंट ग्राइंडरनं किंवा ब्लेडनं पूर्ण मोकळा करायचा, हे न करता छिन्नी मारली तर ठोका शेजारच्या टाइलला जातो आणि तीही फुटते. मग टाइलच्या मधोमध ड्रिलनं दोन-चार भोकं पाडून मधूनच फोडायला सुरुवात करायची, काठाकडून नाही, आणि छिन्नी आडवी धरायची, भिंतीत सरळ मारायची नाही, मागं पाइप आहे म्हणून विशेष. विटांचं बॉक्सिंग आहे तर प्लास्टरपर्यंतच जायचं.

समोरची ओळ निघाली की बाजूच्या टाइल्सचा ४५ मारलेला काठ उघडा पडेल. तो सरळ कापून घ्यावा लागेल, म्हणजे बाजूची टाइल ८-१० एमएमनं मागं जाईल. तेवढ्या जागेत गोल पट्टी बसते का हे लावायच्या आधी कोरडी ठेवून पाहा. तुमची पट्टी १० एमएमची असेल तर जवळपास बरोबर येईल. पट्टीचा पाय समोरच्या बाजूला वळवा, बाजूच्या टाइल्सच्या खाली नाही, कारण त्या लागून गेल्या आहेत, आणि समोरची ओळ नव्यानं लागणार आहे तर पाय तिच्याखाली आरामात दबतो. दुकानदार जे म्हणाला की पट्टी टाइलच्या आधीच लागते ते एवढ्यापुरतंच खरं आहे, दोनपैकी एका बाजूची टाइल मोकळी असली की झालं.

समोरच्या तुकड्याची रुंदी दोन्ही पट्ट्या कोरड्या उभ्या करून मगच मोजा. वर, मध्ये आणि खाली तीन ठिकाणी. विटांचं बॉक्सिंग वरून खालपर्यंत एकसारखं क्वचितच असते आणि तुम्ही १० इंच म्हणता ते एकाच जागी मोजलेलं असेल.


मानेवाडा_वरचा_मजला:

आत्ताच मोजून आलो. वर १० इंच, मध्ये १० ला एक सूत कमी, खाली १० ला दोन सूत जास्त. प्लास्टर खाली फुगलेलं आहे.


टाइल_कारागीर_उमरेड_रोड:

मग पयले ते खालचं प्लास्टर छाटून ओळंब्यात घ्या. दोन सूत म्हणजे ६ एमएम, ते ना पट्टीत लपते ना जॉइंटमधी. समोरची ओळ निघालीच हाय तर अर्ध्या दिवसाचं काम हाय, मिस्त्रीले सांगजा गुण्या लावून दोन्ही कोपरे काटकोनात आणून दे, वाळू दे, आणि पट्टी त्याच्या दुसऱ्या दिवशी. नमुन्याचा एक फूट खालूनच करून पाहा, जिथं फुगलं होतं तिथूनच.